असायलम नामंजूर झालं, आता अपील कसं करायचं? अमेरिकेत नव्यानं आलेल्यांसाठी

इमिग्रेशन कोर्टात जज असायलमचा, म्हणजे छळाच्या भीतीनं मागितलेल्या आश्रयाचा, निकाल सांगून झाल्यावर दोन्ही बाजूंना एक प्रश्न विचारतात: अपिलाचा हक्क राखून ठेवायचा की सोडायचा? त्या वेळी डोकं सुन्न झालेलं असतं, ‘नामंजूर’ या शब्दापुढचं काही ऐकूच येत नाही. म्हणून उत्तर आधीच पाठ करून ठेवा: राखून ठेवायचा, ‘रिझर्व्ह’. ‘वेव्ह’ म्हणालात की निकाल तिथल्या तिथे अंतिम होतो आणि पुढची जवळपास सगळी दारं बंद होतात. हक्क राखून ठेवला म्हणून अपील केलंच पाहिजे असं नाही. विचार करायला, वकील शोधायला वेळ मिळतो, आणि तो वेळ फार मोलाचा असतो.

मी वकील नाही. न्यू जर्सीत आपल्या लोकांची कागदपत्रं मराठी-हिंदीतून इंग्रजीत करून देताना आणि त्यांच्याबरोबर वकिलांकडे बसताना जे कळत गेलं, ते इथे सांगते आहे. असायलम मागणाऱ्या भारतीयांत पंजाबी आणि गुजराती माणसं जास्त भेटतात, पण मराठी माणसंही असतात: आंतरजातीय लग्नामुळे घरच्यांपासूनच जिवाला धोका असलेलं जोडपं, स्थानिक पुढाऱ्याविरुद्ध तक्रार करून बसलेला कार्यकर्ता, धर्मामुळे किंवा लैंगिक ओळखीमुळे गाव सोडावं लागलेला मुलगा. यातले बरेच जण लाजेपोटी कुणाला काही विचारत नाहीत, आणि नेमके तेच दिवस हातातून जातात.

आधी बघा, नकार कुणी दिला

आय-५८९ हा असायलमचा अर्ज तुम्ही यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, भरला होता आणि असायलम ऑफिसरनं तो मंजूर केला नाही, तर त्यावर अपील नसतं. तुमच्याकडे दुसरा कुठला वैध व्हिसा नसेल तर प्रकरण इमिग्रेशन जजकडे पाठवतात. त्यासोबत ‘नोटीस टु अपिअर’, म्हणजे कोर्टात हजर राहण्याची नोटीस, येते आणि जज सगळं नव्यानं ऐकतात. ही दुसरी संधी आहे, तिला हार समजू नका. एच-१बी किंवा एफ-१ वर असताना अर्ज नाकारला गेला, तर तो तिथेच संपतो. पुढे कधी कोर्टात उभं राहायची वेळ आली, तर तिथे तो पुन्हा मांडता येतो.

तारखेला हजर राहिला नाहीत म्हणून गैरहजेरीत हकालपट्टीची ऑर्डर झाली असेल, तर वाट वेगळी. तिच्यावर थेट अपील होत नाही. त्याच जजकडे प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी अर्ज करायचा. गंभीर आजारपणासारखं असाधारण कारण असेल तर १८० दिवसांच्या आत. नोटीसच मिळाली नव्हती असं असेल तर मुदतीचं बंधन नाही. या अर्जावर निर्णय होईपर्यंत हकालपट्टी आपोआप थांबते.

पुढचं सगळं अशांसाठी आहे, ज्यांची पूर्ण सुनावणी होऊन जजनं नाही म्हटलं.

मुदत

अपील बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सकडे जातं. हे बोर्ड न्याय खात्याच्या ईओआयआर या कार्यालयाचा भाग आहे, व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्चमध्ये. आश्रयाच्या प्रकरणात कायद्यानं दिलेली मुदत ३० दिवसांची आहे. जजनं निकाल तोंडी सांगितला तर त्या दिवसापासून, लेखी पाठवला तर पोस्टात टाकल्याच्या तारखेपासून. शनिवार, रविवार, सुट्ट्या सगळं धरून. शेवटचा दिवस सुट्टीचा आला तरच तो पुढच्या कामाच्या दिवसावर ढकलला जातो.

मुदतीचे नियम अलीकडे सारखे बदलताहेत आणि कल मुदत आखूड करण्याकडेच आहे. त्यामुळे हातात आलेल्या ऑर्डरवर अपिलाची जी शेवटची तारीख लिहिलेली असते ती बघा, त्याच दिवशी ईओआयआरच्या वेबसाइटवर ताजा नियम बघा, आणि आपल्याकडे दहाच दिवस आहेत असं धरून कामाला लागा.

आणखी एक. फॉर्म मुदतीत बोर्डाच्या हातात पडला पाहिजे, नुसता पोस्टात पडून भागत नाही. तिसाव्या दिवशी पाठवलेलं पाकीट बत्तिसाव्या दिवशी पोहोचलं तर ते उशिराचंच. कुरिअरनं पाठवा, पोचपावती ठेवा, दोन-चार दिवस हाताशी राखून पाठवा. वकील असेल तर तो ऑनलाइन दाखल करतो आणि ही धास्ती राहत नाही.

वेळेत पोहोचलेल्या अपिलाचा मोठा फायदा म्हणजे बोर्डाचा निर्णय होईपर्यंत हकालपट्टीला आपोआप स्थगिती मिळते. याचा अर्थ अटक होणारच नाही असा नाही. आयसीईला, म्हणजे इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या खात्याला, अटकेचा अधिकार राहतोच. पण विमानात बसवता येत नाही.

फॉर्म ईओआयआर-२६

हा अपिलाचा फॉर्म. तो इंग्रजीतच भरायचा. नाव आणि नऊ आकडी ए-नंबर (इमिग्रेशन खात्यानं दिलेला तुमचा क्रमांक) नोटीसवर आहे तसाच लिहा. कुटुंबातल्या सगळ्यांची केस एकत्र चालली असेल तर प्रत्येकाचं नाव आणि प्रत्येकाचा ए-नंबर लिहा. धाकट्या मुलाचं नाव गाळलं आणि त्याच्यापुरता निकाल अंतिम झाला, असं होऊ देऊ नका.

फॉर्ममधली खरी महत्त्वाची जागा म्हणजे अपिलाची कारणं. इथे बरेच जण लिहितात: ‘जजचा निर्णय चुकीचा आहे, मला भारतात धोका आहे.’ एवढ्यावर बोर्ड अपील आत काय आहे हे न बघताच फेटाळू शकतं, आणि फेटाळतं. जज नेमके कुठे चुकले ते सांगायला हवं. उदाहरणार्थ: ‘छळ करणारे स्वतः पोलीस होते. तरीही देशात दुसरीकडे सुरक्षित राहता येणार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जजनं माझ्यावर टाकली. नियमाप्रमाणे ती सरकारवर होती.’ किंवा: ‘माझ्या साक्षीतल्या दोन तारखांमध्ये विसंगती आहे असं जजनं म्हटलं, पण निशाणी अमुकवरून ती विसंगती नाही हे दिसतं आणि त्याचा विचार झाला नाही.’ जागा अपुरी पडली तर वेगळा कागद जोडा, त्यावरही नाव आणि ए-नंबर लिहा. इथे जो मुद्दा मांडला नाही तो पुढे फेडरल कोर्टात उचलता येणं फार अवघड जातं, म्हणून मुद्दे गाळू नका.

याच फॉर्मवर विचारतात: नंतर वेगळा ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, देणार का? ‘हो’वर खूण केली आणि मग दिला नाही, तर तेवढ्याच कारणावरून अपील फेटाळलं जाऊ शकतं. वकील मिळण्याची जराही शक्यता असेल तर ‘हो’ म्हणा, पण मग तो शब्द पाळा.

फीबद्दल आधीच मनाची तयारी ठेवा. वर्षानुवर्षं ती ११० डॉलर होती. जुलै २०२५ च्या कायद्यानंतर ती १,०१० डॉलरवर गेली, आणि महागाईप्रमाणे तिच्यात बदल करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. पाठवायच्या दिवशीचा आकडा वेबसाइटवरूनच घ्या, कुणाच्या सांगण्यावरून नको. फी परवडत नसेल तर ईओआयआर-२६ए हा फी-माफीचा फॉर्म सोबत लावता येतो. त्यात उत्पन्न, घरभाडं, खर्च खरेखुरे लिहायचे. फी नाही आणि माफीचा फॉर्मही नाही, असं अपील परत येतं, आणि तोवर मुदत संपलेली असते.

शेवटचं काम: अपिलाची एक प्रत सरकारी बाजूला, म्हणजे आयसीईच्या वकिलांच्या कार्यालयाला पाठवायची आणि तसं पाठवल्याचं प्रमाणपत्र फॉर्मवर सही करून द्यायचं. सही राहिली म्हणून परत आलेली पाकिटं काही कमी नसतात. सगळं झालं की प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

बोर्डापुढे काय लढवायचं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. बोर्डापुढे पुन्हा साक्ष होत नाही. तुम्हाला कुणी बोलावत नाही, तुमचं रडणं-सांगणं कुणी ऐकत नाही. इमिग्रेशन कोर्टात जे कागद दाखल झाले आणि जे बोललं गेलं, तेवढ्यावरच बोर्ड निर्णय देतं. बहुतेक प्रकरणांत एकच सदस्य देतो. काय घडलं, कोण खरं बोललं याबद्दलचं जजचं मत बोर्ड सहसा बदलत नाही. त्यात उघड चूक दाखवावी लागते. कायदा चुकीचा लावला असेल तर मात्र बोर्ड तो प्रश्न नव्यानं तपासतं. म्हणजे मुद्दा कायद्याच्या चुकीच्या रूपात मांडता आला, तर पकड घट्ट होते.

त्यासाठी सुनावणीत नेमकं काय बोललं गेलं ते हातात हवं. निकाल लागला त्याच आठवड्यात कोर्टाकडे तुमच्या केसची फाइल आणि सुनावणीचं ध्वनिमुद्रण मागा. ते शांतपणे ऐका, कानात हेडफोन घालून, हातात पेन घेऊन. दुभाष्यानं चुलत भावाला नुसता भाऊ केलं, वाक्य अर्धवट सोडलं, तुम्ही ‘समजलं नाही’ म्हणालात तरी प्रश्न पुढे गेला, असं जे जे आढळेल त्याची मिनिटा-सेकंदासह नोंद करा. वकिलाच्या हातात द्यायला याहून उपयोगी कागद नाही.

भारतीयांच्या केसेस बहुधा तीन-चार ठरावीक कारणांनी पडतात.

पहिलं, विश्वासार्हता. २००५ च्या रिअल आयडी कायद्यानं जजला छोट्या विसंगतीचाही आधार घेण्याची मुभा दिली, मग ती मूळ छळाशी संबंधित नसली तरी. पण त्याच कायद्यानं सगळ्या परिस्थितीचा एकत्र विचार करायलाही सांगितलं आहे. आपल्या कागदांत वारंवार सापडणारी एक जागा सांगते. समजा, ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर तारीख आहे ०५/०८/२०२२, म्हणजे ५ ऑगस्ट. भाषांतर करणारा ती तशीच आकड्यांत ठेवतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून सरकारी वकील ती ८ मे वाचतो. तुमच्या अर्जात मारहाण ऑगस्टमधली आहे. झालं, ‘विसंगती’. आता तोच केसपेपर पुन्हा बघा. खाली ड्रेसिंगसाठी परत बोलावल्याची नोंद असते: १९/०८/२०२२. एकोणिसावा महिना नसतोच, त्यामुळे या कागदावर दिवस आधी लिहिला आहे हे त्याच कागदावरून सिद्ध होतं. कागद आधीच फाइलमध्ये असल्यामुळे हा नवा पुरावाही ठरत नाही, ब्रीफमध्ये सरळ मांडता येतो. असे धागे घरी बसून तुम्हीच शोधायचे. वकिलाला मराठी येत नाही.

दुसरं, ‘भारत मोठा देश आहे, दुसऱ्या राज्यात जाऊन राहा.’ याबाबत बोर्डाचाच २०१२ चा मॅटर ऑफ एम-झेड-एम-आर हा निर्णय आहे: आधी खरोखर सुरक्षित अशी ठरावीक जागा आहे का ते बघायचं, मग तिथे जाऊन राहणं या माणसासाठी व्यवहार्य आहे का ते बघायचं. छळ सरकारी यंत्रणेनं केला असेल, किंवा पूर्वी छळ झाल्याचं सिद्ध झालं असेल, तर दुसरीकडे राहणं व्यवहार्य नाही असं गृहीत धरून ते खोडण्याचं ओझं सरकारवर येतं. जजनं हे दोन्ही टप्पे तुमच्यापुरते तपासले, की ‘अब्जावर लोकांचा देश’ म्हणून एका वाक्यात उरकलं? एका वाक्यात उरकलं असेल तर तो कायद्याचा मुद्दा झाला. पुण्या-मुंबईत घर भाड्यानं घेतलं की भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते. शोधणारा पोलिसांच्या ओळखीतला असेल तर लपणं किती कठीण आहे हे यातून दिसतं. ही बाब सुनावणीत आली असेल तर ती पानासह दाखवा.

तिसरं, ‘हा खासगी वाद आहे.’ असायलमसाठी छळाचं कारण वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी काही असावं लागतं, आणि ते निदान एक मुख्य कारण असावं लागतं. जमिनीच्या भांडणात जात किंवा पक्ष गुंतलेला असतो हे आपल्याला सांगावं लागत नाही. अमेरिकी जजला सांगावं लागतं, पुराव्यासह.

आणि चौथं, अमेरिकेत आल्यापासून वर्षभरात अर्ज केला नाही. यात बदललेली परिस्थिती किंवा असाधारण कारण असे अपवाद आहेत. ते लागू पडले नाहीत तरी ‘विथहोल्डिंग ऑफ रिमूव्हल’, म्हणजे धोका असलेल्या देशात परत न पाठवण्याचं संरक्षण, आणि छळविरोधी कराराखालचं संरक्षण यांना ही एक वर्षाची अट नाही. त्यांची कसोटी अधिक कडक आहे, पण जजनं त्यांचा वेगळा विचार केला का ते तपासा आणि ब्रीफमध्ये ते स्वतंत्रपणे मांडा.

ब्रीफ कधीपर्यंत द्यायचा ते बोर्ड पत्रानं कळवतं. साधारण तीन आठवडे मिळतात. पत्र येईपर्यंत थांबू नका, लिहायला आधीच घ्या.

गावाकडून नवा पुरावा आला तर

तो नुसता ब्रीफला जोडून चालत नाही. केस जजकडे परत पाठवा असा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि हा पुरावा महत्त्वाचा का आणि सुनावणीच्या वेळी का मिळू शकला नाही ते सांगावं लागतं.

गावी फोन करताना ‘काहीतरी पाठवा’ असं सांगू नका. अमेरिकी जज ‘एफआयआर कुठे आहे?’ विचारतात. आपल्याकडे अनेकदा पोलीस एफआयआर घेतच नाहीत, अदखलपात्र नोंद करून, एनसीचा कागद हातात देऊन घरी पाठवतात. तो कागदही मागवा, आणि एनसी म्हणजे काय, तिच्यावर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत, हे समजावणारं पत्र तिथल्या वकिलाकडून घ्या. शेजाऱ्या-नातेवाइकांच्या प्रतिज्ञापत्रात प्रत्येकानं स्वतः काय पाहिलं तेच असावं. चार प्रतिज्ञापत्रांत शब्दन् शब्द तोच मजकूर असला की जजला संशय येतो, आणि तो येणारच. प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, शिक्क्यासकट, सोबत भाषांतरकाराचं सही केलेलं प्रमाणपत्र. आणि महिना अक्षरात लिहायला सांगा.

खोटा किंवा ‘बनवून घेतलेला’ कागद कधीही देऊ नका. तो पकडला गेला तर खरी केससुद्धा त्याच्याबरोबर बुडते.

वाट पाहण्याच्या काळात

निर्णयाला किती काळ लागेल ते सांगता येत नाही. अटकेतल्यांची प्रकरणं आधी घेतात. घर बदललं तर पाच कामाच्या दिवसांत ईओआयआर-३३ हा पत्त्याचा फॉर्म बोर्डाकडे भरा. कोर्टाला कळवलं म्हणून बोर्डाला कळलं असं होत नाही. निकाल जुन्या पत्त्यावर गेला तरी मुदत सुरू होतेच. ए-नंबर घालून केसची स्थिती ईओआयआरच्या ऑनलाइन प्रणालीवर किंवा १-८००-८९८-७१८० या नंबरवर आठवड्यातून एकदा बघत जा.

असायलमवर मिळालेलं वर्क परमिट अपील वेळेत दाखल झालं असेल तर अपिलाच्या काळात चालू राहू शकतं. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा.

अमेरिकेबाहेर जाऊ नका. आई आजारी असली तरी. हे लिहिताना हात जड होतो, पण अपील चालू असताना देश सोडला की अपील मागे घेतलं असं धरतात.

जजनं असायलम नाकारून पर्याय म्हणून स्वेच्छेनं परत जाण्याची, ‘व्हॉलंटरी डिपार्चर’ची मुभा दिली असेल तर तिच्या अटी लगेच वाचा. किमान ५०० डॉलरचा बाँड पाच कामाच्या दिवसांत भरायचा असतो, आणि अपील केलं तर तो भरल्याचा पुरावा अपिलानंतर ३० दिवसांत बोर्डाला द्यायचा असतो. ती मुभा घेऊनही वेळेत गेला नाहीत तर दहा वर्षं अनेक सवलती बंद होतात.

वकील

इथे सरकार वकील देत नाही. वकील ठेवण्याचा हक्क आहे, खर्च आपला. ईओआयआरच्या वेबसाइटवर प्रत्येक राज्यातल्या मोफत सेवा देणाऱ्या संस्थांची यादी आहे. तिच्यातल्या एकीनं नाही म्हटलं की लगेच दुसरीला फोन लावा. कोर्टातला वकील आपोआप बोर्डातला वकील होत नाही. त्याला ईओआयआर-२७ हा वेगळा फॉर्म द्यावा लागतो. ‘सर, अपील भरलं का?’ एवढं विचारून थांबू नका, पावतीची प्रत मागा. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

परवाना असलेला वकील किंवा न्याय खात्यानं मान्यता दिलेला प्रतिनिधी, एवढेच तुमची केस चालवू शकतात. ट्रॅव्हल एजंट, नोटरी, ‘कन्सल्टंट’, देवळात भेटलेले ओळखीचे काका, कितीही प्रेमानं बोलले तरी नाही. वकिलाचं नाव राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांच्या संस्थेच्या, वेबसाइटवर शोधून बघा.

आधीच्या वकिलाच्या हलगर्जीपणानं केस गेली असेल तर तोही मुद्दा होऊ शकतो, पण १९८८ च्या मॅटर ऑफ लोझादा या निर्णयातल्या पायऱ्या पाळाव्या लागतात: काय ठरलं होतं आणि काय झालं याचं प्रतिज्ञापत्र, त्या वकिलाला कळवून उत्तराची संधी, आणि बारकडे तक्रार, किंवा तक्रार का केली नाही याचं कारण.

बोर्डानं फेटाळलं तर

पुढची पायरी फेडरल सर्किट कोर्ट. आपल्याकडे ट्रिब्युनलच्या निकालावर हायकोर्टात जातात तसं काहीसं. अर्जाचं नाव ‘पिटिशन फॉर रिव्ह्यू’, मुदत बोर्डाच्या निर्णयापासून ३० दिवस, आणि ती वाढवून मिळत नाही. जजपुढची केस जिथे संपली तिथलं सर्किट: न्यू जर्सीची केस फिलाडेल्फियातल्या थर्ड सर्किटकडे, न्यू यॉर्कची सेकंडकडे, कॅलिफोर्नियाची नाइन्थकडे, टेक्सासची फिफ्थकडे. बोर्डाकडेच प्रकरण पुन्हा उघडण्याचा अर्जही करता येतो, साधारणपणे एकदाच आणि ९० दिवसांच्या आत. भारतातली परिस्थिती खरोखर बदलली असेल तर ही मुदत आड येत नाही. पण या अर्जामुळे सर्किट कोर्टाची मुदत थांबत नाही. दोन्ही करायचं असेल तर दोन्ही वेळेत करा.

इथे स्थगिती आपोआप मिळत नाही. बोर्डाचा निर्णय येताच हकालपट्टीची ऑर्डर लागू होते. म्हणून पिटिशनसोबत त्याच दिवशी स्थगितीचा वेगळा अर्ज द्यायचा. केस जिंकण्याची शक्यता किती आणि परत पाठवल्यास भरून न येणारं नुकसान काय, हे दोन मुद्दे कोर्ट त्यात आधी बघतं. हा अर्ज वकिलाशिवाय नीट होणं कठीण आहे, त्यामुळे सर्किट कोर्टात काम करणारा वकील बोर्डाचा निकाल यायच्या आधीच गाठून ठेवा. पिटिशन दाखल झाल्यावर मिळालेला केस नंबर आणि स्थगितीच्या अर्जाची प्रत घरात एका माणसाकडे द्या, आणि तुम्हाला ताब्यात घेतलं तर ती प्रत आयसीईच्या डिपोर्टेशन ऑफिसरपर्यंत त्याच दिवशी कशी पोहोचवायची हे त्या माणसाला आजच समजावून सांगा.